वाहन

मलकारीतात्या पाडव्याला पंचांग वाचायचा
दारात पोत्यावर बसून,
चष्म्याची एक काडी सुतळीची.
'मृगाला कोल्हा. आर्द्राला उंदीर. मघा म्हशीवर.
हस्ताला...' आणि इथं थांबायचा,
बोट ओलं करून, पान न उलटता.

मला वाटायचं, पाऊस खरंच बसून येतो.
उत्तरा नक्षत्राला गाढव असलं की मी बांधावर जाऊन
खुरांचे ठसे शोधायचे.
आमच्या काळ्या रानात ठसे पुष्कळ:
टिटवीचे, होल्यांचे, शेजारून चोरून येणाऱ्या शेळीचे.
गाढवाचे नसायचे. पाऊसही नसायचा.
म्हणजे हिशोब बरोबरच होता.

एका साली हस्ताला हत्ती निघाला.
शाळवाचं बी काढून ठेवलेलं, तिफण ओसरीला टेकवलेली.
म्हैस, नाव बारकी, अंगानं अर्धा गोठा,
दिवस मावळल्यापासून दाव्याला हिसके देत होती.
'वास लागलाय तिला,' तात्या म्हणाला.
कशाचा, ते बोलला नाही.
मी जागीच राहिले, हत्ती बघायचा म्हणून.

आला तो मागल्या अंगानं, मंगळवेढ्याकडून,
पत्र्यावर पाय देत.
सकाळी ओढ्याकडचा बांध नव्हता,
आणि दावं तोडून, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला
बारकी व्यालेली, कुणालाच न उठवता.
ओलं रेडकू, कान मानेला चिकटलेले.
रेडी होती. तरी तात्यानं नाव हत्तीच ठेवलं.

त्या साली शाळू माझ्या डोक्यावरून गेला.
पाखरं राखायला मी माळ्यावर, हातात गोफण,
खाली हत्ती.
पहाटे तिच्या पोटाशी पाय खुपसले
की बोटांत जीव यायचा.

ती किती वेतं व्याली, केव्हा विकली,
घरात प्रत्येकजण वेगळं साल सांगतो.
तात्याला आता विचारता येत नाही.

मी सोलापुरात सात रस्त्याला राहते, चौथ्या मजल्यावर.
मोबाईल सांगतो, दुपारी तीन, चाळीस टक्के.
चाळीस टक्के कशावर बसून येणार
ते त्याला ठाऊक नाही.
काल पंचांग आणलं. हस्ताला बेडूक आहे.
गावाकडं भावाला फोन करून सांगितलं.
'नको म्हणावं त्याला,' तो म्हणाला,
'डाळिंबाला तेल्या येतो.'

बरं म्हटलं.
निजताना गॅलरीचं दार लावलं,
मग उठून पुन्हा थोडं उघडलं,
बेडूक मावेल एवढं.