सहा वाजून दहा मिनिटं

त्रिएस्ते, चौथा मजला, स्वयंपाकघराचं टेबल.
त्यावर दोन ग्राइंडर.
एक माझा, एकवीस वर्षांचा,
शंकूच्या दात्यांचा, झाकण रबरबँडनं बांधलेलं.
दुसरा मिर्नानं ग्रात्सहून पाठवलेला,
सपाट चकत्यांचा, काळा, जड,
नोटरीसारखा गंभीर.

"तुलना करून बघा, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली,
"आणि मग जुना फेकून द्या."
म्हणजे निकाल आधी, खटला मागाहून.

तेहतीस वर्षं मी बंदरावरच्या गोदामात
कॉफीची पोती तोलली आहेत.
मी वही काढली, रेघा मारल्या.
अठरा ग्रॅम बिया. छत्तीस ग्रॅम एस्प्रेसो.
मध्ये किती सेकंद, एवढाच प्रश्न.

सोमवार. सिरोको वारा, दमट,
दोरीवरचे मोजे तिसऱ्या दिवशीही ओले.
जुना : एक्केचाळीस सेकंद, थेंब थेंब,
पेन्शनच्या खिडकीसारखं.
चारवर बारीक होतं, पाचवर भरड,
चार आणि पाचच्या मध्ये जे हवं
तिथे खाचच नाही.
(काडेपेटीची काडी खुपसून
मी तिथे साडेचार केलंय. मिर्नाला सांगू नका.)
नवा : चकती केसभर फिरवली, अठ्ठावीस सेकंद.
मुकाट्यानं लिहून ठेवलं.

जुना कालची दोन ग्रॅम पोटात ठेवतो
आणि आज आजची म्हणून देतो.
यात मला काही गैर वाटत नाही,
मीही बोलतो ते असंच.
नवा घातलं तेवढं परत करतो,
कारकुनासारखा, पावतीसकट.

मंगळवारी रात्री वारा फिरला. बोरा.
खिडक्या थडथडल्या, हवा कोरडी ठाक,
पूड उडून बाहीला चिकटली.
दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकायचा,
मग बसते. हे नव्याच्या पुस्तिकेत नाही.

चव? नव्यात सगळं वेगवेगळं :
आधी संत्र्याची साल, मग बदाम,
मग काहीतरी, ज्याला मला नाव नाही.
जुन्यात सगळे एकाच कोटात शिरलेले.
नेव्हिओला डोळे मिटून दोन्ही पाजली.
तो म्हणाला, "पहिली गरम होती."

जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणे.
जुन्यातले तर किंचाळतात.
सकाळी सहा दहाला बटण दाबलं
की खालून झाडूच्या दांड्याचे तीन ठोके,
अकरा वर्षं, न चुकता,
सिन्योरा वोदोपिवेत्स.
आडनावाचा अर्थ पाणी पिणारी,
आणि पिते ती खरंच फक्त चहा.
अशा बाईचं काय मनावर घ्यायचं?

नवा मांजरासारखा गुरगुरतो.
बुधवारी ठोके नाहीत.
गुरुवारीही नाहीत.
वहीत आवाजाचा रकाना आखला,
नव्याला दहापैकी दहा दिले.

गुरुवारी दुपारी ती दारात.
ओला कोट, लाल नाक.
"मेलात की काय वाटलं," म्हणाली.
"दोन दिवस बस चुकली माझी.
इस्पितळाच्या धुलाईखान्यात
उशीर झाला तर पगार कापतात."

"पण तुम्ही तर ठोकता..."

"मग काय करू? ऐकू आलं, उठले,
हे तुम्हाला कळायला नको?"

अकरा वर्षांत जिन्यावर
मी त्या बाईला नीट नमस्कारसुद्धा केला नव्हता.
आत या म्हणालो. चहा नव्हता घरात.
नव्यातून एक कप काढून दिला,
संत्र्याची साल, बदाम, सगळ्यासकट.
तिनं तोंड वाकडं केलं, पण संपवला.

मिर्नाला कळवलंय :
नवा उत्तम. रविवारी वापरतो.

आज शुक्रवार. बोरा अजून आहे.
रबरबँड तुटलं होतं, नवं लावलं.
काडी जरा आत सरकवली. सहा दहा.
बटण दाबलं आणि
फरशीला कान देऊन उभा राहिलो,
हातात अठरा ग्रॅम,
त्यातली दोन कालची.