समासात

प्रश्न सातवा : सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले असतात?
अखिला बोम्मेन, वय नऊ, अशोक चौकामागची,
घड्याळाकडे बघतही नाही.
"अम्माच्या शंभर विड्या वळून होईपर्यंत."

अम्मा सूप बाजूला सारते, दुरुस्त करते :
आता दीडशे.
थंडीत वर एक कट्टा.

फॉर्मात चौकट दोन आकड्यांपुरती.
मी नव्वद लिहिते,
समासात बारीक : विड्या.

"ह्यानं मी बरी होणार?"
तुझ्यानंतरची कुणी, कदाचित.
हे मला तेलुगूत येत नाही,
मराठीतही अडखळते.
पलीकडचा माग नेमका तेव्हाच बंद पडतो,
सगळं ऐकू जातं.

ती मूठ वळून बघते.
पुरती वळत नाही.
"मग नीट लिहा," म्हणते,
"दीडशे."