अस्तर

शीतलामाता बाजारात साडेआठला शटर अर्धं पाडायचं,
दोऱ्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा
आणि दोघींनी चीनला जायचं.

हिंदीत बोलणारे सरदार, बर्फ, कागदी कंदील,
बारा वर्षांपूर्वी जाळलेलं एक घराणं
आणि त्यातून वाचलेला एकच पोरगा,
जो आता त्याच दरबारात
हसतमुखाने चहा ओततो.

शालनला गोष्टीशी घेणं नव्हतं, ती कपडे बघायची.
तिसऱ्याच भागात म्हणाली,
हा मानलेला भाऊच घात करणार.
कशावरून?
बाही झटकली तेव्हा अस्तर दिसलं.
शत्रूच्या निशाणाचा रंग.
वरचं कापड चारचौघांना विचारून घेतात गं,
अस्तर ज्याचं त्याने ठरवलेलं असतं.

मी हुकाची घरं करत होते.
सुई बोटात गेली.

त्याच आठवड्यात मी छावणीत जाऊन आले होते,
मालकाच्या बैठकीत, करकरणाऱ्या पंख्याखाली.
अकरा वर्षं दोघींच्या नावावरचं दुकान
नव्या करारात एकीच्याच.
सही जरा तिरकी आली, एवढंच.
मुलाची फी होती, भाडं वाढणार होतं,
आणि हे मी कोणाला सांगतेय?

तो पोरगा रेशमी अंगरख्याखाली
रोज पांढरं घालायचा.
त्यांच्यात पांढरं म्हणजे सुतक, शालन म्हणाली,
वर मोरपंखी, आत बारा वर्षं सुतक.
आपल्याकडे बरं, तेराव्याला फिटतं,
असं म्हणून मी हसले.
तिने दाताने दोरा तोडला.

शेवटचा भाग तिने घरी एकटीनेच बघितला.
काय झालं विचारलं तर म्हणाली,
तुझं तू बघ.

भाचीच्या लग्नासाठी माझा ब्लाउज तिनेच शिवला.
बाटलीहिरवा. पैसे घेतले नाहीत.
असा बेतलेला, की काखेत एक चुणी नाही.
घरी आणून उलटा केला.

पांढरं अस्तर.
कोरं, खळ न गेलेलं.
हिरव्याला पांढरं लावायची चूक
अकरा वर्षांत तिच्या हातून
एकदाही झालेली नाही.

मांडवात जी ती विचारत होती, कोणी शिवला गं,
काय बसलाय अंगाला!
अक्षता टाकतानासुद्धा
मी कोपर अंगाशी धरून होते.