डावा कोपरा

मंगळवारी सकाळी मंडळाच्या फळ्यावर
खडूने लिहिलेलं होतं:
बचाव प्रशिक्षक, र. का. बेंडकोळी.

पहिल्या पाळीचे लोक
सायकली स्टँडला न लावताच उभे राहिले.
निगळमामांनी चष्मा पुसून परत वाचलं,
मग फळ्याच्या मागे डोकावले,
तिकडे दुसरं नाव असेल म्हणून.
"ह्याच्या हातात कोपरा? मी कपबशी देणार नाही."

गेल्या हंगामात डाव्या कोपऱ्यातून चौसष्ट गुण गेले.
मी मोजलेत. गुणलेखकाचं काम सुटलं,
बोटांची सवय सुटत नाही.
सिन्नरच्या पोरांनी तिथून पायवाटच पाडली होती.
यायचे, बोनस घ्यायचे,
जाता जाता आमच्या रक्षकाच्या खांद्याला हात लावायचे,
बरं आहे ना, असं विचारल्यासारखा.
प्रशिक्षक हवाच होता. कुणीही चाललं असतं.
पण कुणीही म्हणजे हा नव्हे.

कारण मालेगाव.
सातपुरात वर्ष सांगावं लागत नाही.
गुण सारखे, शेवटची चढाई,
येवल्याचा उंच पोरगा आत घुसला
आणि बेंडकोळीने घोटा धरला.
असा धरला, की आमच्या टोप्या हवेत गेल्या,
मी तर गुण लिहूनही टाकला.
मग त्याने सोडला.
निसटला म्हणणाऱ्यांनी मला विचारावं,
मी सात हातांवर बसलो होतो.
बोटं एकेक करून उघडली.
पोरगा रांगत रांगत मध्यरेषेला टेकला
आणि मला खोडरबर शोधावं लागलं.

पैसे खाल्ले, म्हणाले लोक.
सोयरीक आहे येवल्यात, म्हणाले.
तो काहीच म्हणाला नाही,
हरसूलकडे आश्रमशाळेत पोरं शिकवायला गेला
आणि आम्ही शिव्या द्यायला मोकळे झालो.

रशीद वेल्डर म्हणाला, चोराला चौकीदार केलात.
बिडी संपेपर्यंत विचार करून म्हणाला,
पण कुलूप चोरालाच कळतं.
खजिनदार कडलग एवढंच बोलले:
स्वस्तात आलाय.

गुरुवारी पहाटे आठ अंश.
माकडटोप्या घालून आम्ही जाळीला लटकलो,
सरावाला नव्हे, त्याला बघायला.
आठवणीतल्यापेक्षा बुटका निघाला.
पोरांना डोळे मिटायला लावले,
एकाला चढाईवर सोडलं,
म्हणाला, हात नंतर. आधी दम ऐका.
कबड्डी कबड्डी कुठे पातळ होतं ते ऐका.
मैदानात एकच आवाज फिरत होता,
आणि पलीकडे कंपनीचा भोंगा.

मग घोटा कसा धरायचा ते दाखवलं.
मामांनी तंबाखू मळायची थांबवली,
कारण पकड तीच होती. तश्शीच.
भंदुऱ्यांच्या धाकट्याने विचारलं,
सर, सोडायचं कधी?
आम्ही जाळीवरचे सगळे
एकदम खोकलो.

बेंडकोळी मातीकडे बघत म्हणाला,
"आत कट्ट वाजलं, की सोडायचं.
हाताला कळतं. प्रेक्षकाला ऐकू येत नाही."
आणि शिट्टी मारून पुढच्या रांगेला बोलावलं.

परतताना कुणी बोललं नाही.
कॅन्टीनच्या मंदोदरीताईंनी ग्लास विसळता विसळता सांगितलं,
तो येवल्याचा पोरगा ना,
मनमाडला रेल्वेत आहे.
फलाटावर दिसतो कधी कधी, चालतो चांगला.

मामांनी अर्धा चहा बशीत ओतला, अर्धा टेबलावर.
"म्हणजे," ते म्हणाले, "म्हणूनच हरलो."
पंधरा वर्षं जपलेला राग
असा एका सकाळीत कोण देऊन टाकतो?

शनिवारी सिन्नरशी सामना आहे.
जाणार आहोतच.
शिव्या घेऊन जाणार आहोत,
पेन्सिल घेऊन जाणार आहे मी.
खोडरबर
बघू.