दोनशे तेरा

लामझिरा दुकानात आली तेव्हा
मी कुणाच्या तरी मोबाइलची फुटलेली काच उपसत होतो.
पेन्शनच्या दिवशी तिच्या शेजारणीचं खातं
कुणीतरी रात्रीतून पुसून नेलं होतं,
म्हणून ही आली, कोटाची सगळी बटणं लावून,
जणू पासवर्ड थंडीनेच चोरीला जातात.

चियातुरात तिला सगळे ओळखतात.
एकतीस वर्षं तिने रोपवेची पेटी चालवली,
खाणीतली माणसं दरीच्या पलीकडे सोडली.
मँगनीजची काजळी अजून तिच्या नखांच्या कडांना आहे,
किंवा मला तसं वाटतं.

"तपासून दे," म्हणाली. "पण शब्द सांगणार नाही."

बरोबर आहे. मी खुर्ची तिला दिली,
स्वतः भिंतीकडे तोंड केलं
आणि भिंतीलाच समजावलं:
मावशी, शब्द इथल्या इथे दळला जातो.
पिठाचा पुन्हा दाणा होत नाही.
त्या पिठातली पहिली पाच अक्षरं तेवढी बाहेर जातात,
आणि तिकडून येते त्याच पाचांनी सुरू होणारी यादी,
शेकड्यांनी, चोरांच्या पोत्यांतून सांडलेली.
त्यात आपलं काही आहे का
ते आपण घरात बसून बघायचं.

"म्हणजे खिडकीवर फक्त आडनाव सांगायचं,
अख्खं कुळ बाहेर येतं,
आणि आपलं माणूस कोणतं
ते कारकुनाला कळू द्यायचं नाही."

इतकं नीट मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
माझा स्वतःचा शब्द, ज्याच्यावर मी खूश होतो,
अडतीस हजार वेळा सापडला होता.
जगात इतके शहाणे!

ती एका बोटाने टाइप करत राहिली.
मग बराच वेळ काही नाही.
"सापडला नाही म्हणतंय."
मग झालं की, मावशी. झाकली मूठ.

ती उठली नाही.

"आमच्याकडे एक कोंबडी होती, ब्रिगादिरा.
पप्पांच्या मुकादमासारखी चालायची, छाती काढून.
आणि दारापासून नदीपर्यंत पायऱ्या.
मी मोजल्या दोनशे चौदा.
त्सिउरी म्हणायची, तेरा.
उंबरा धरायचा की नाही, यावरून
एकमेकींच्या वेण्या उपटल्यात आम्ही.
म्हणजे माझा तुला कळलाच आता. कळू दे."

त्सिउरी बारीला, इटलीत.
परक्यांच्या आयांना आंघोळ घालते.
आईचं घर विकलं तेव्हापासून, सहा वर्षं,
दोघींत एक फोन नाही. गावाला ठाऊक आहे.

"भिंत सोड. इकडे बघ, मी लिहिते."

कोंबडी. तिच्यापुढे २१३.

सापडला. एकदा.

एवढंच. कुठलं दुकान फुटलं, केव्हा फुटलं, कुणाचं खातं,
यंत्र काही सांगत नाही.
कुणीतरी कुठेतरी दाराला हे कुलूप लावलं होतं
आणि त्याची किल्ली आता बाजारात आहे.

लामझिरा त्या एकाकडे बघत राहिली,
जशी ती दोरीकडे बघायची
पेटी धुक्यातून दिसायच्या आधी, दोरी नुसती हलत असताना.

"अजून तेराच," म्हणाली. "मेली हट्टी."

योगायोगही असेल, मी म्हणालो.
"ब्रिगादिरा? कोंबडी?"
मी गप्प बसलो.

तिने माझा फोन मागितला.
स्वतःच्या फोनवरून केला असता
तर त्सिउरीने उचलला नसता,
किंवा उचलला असता.
नंबर तिला पाठ होता.

चहा आणतो म्हणून मी बाहेर पडलो.
किटली दुकानातच उकळत होती.

वर नवी काचेची पेटी दोरीवरून सरकत होती,
आत कुणीच नव्हतं.
दुकानाच्या काचेतून लामझिराचं तोंड हलताना दिसत होतं,
ऐकू काही येत नव्हतं.
मग कुणी गिऱ्हाईक दार उघडून आत डोकावलं
आणि त्या फटीतून, आधी, "तो बदल, आत्ताच्या आत्ता बदल,"
आणि त्याच दमात,
"अगं, उंबरा धरायचाच असतो!"