एकशे ब्याण्णव काळे फोटो

नाकाड्यांच्या लग्नात चुकून हाच कॅमेरा नेला,
लाल अडवणारी काच काढून टाकलेला.
नवरी, नवरदेव, अख्खी पंगत, पानातलं वरणसुद्धा
भाजल्या विटेसारखं आलं.
त्यांनी अर्धेच पैसे दिले. बरोबरच होतं.

पण ती काच असती तर
हंसाच्या शेपटीशी जो हायड्रोजन धगतो
(धगतो म्हणतोय, जळत नाही)
तो मला मिळालाच नसता.

अमावस्येच्या आगेमागे लग्नं नसतात.
त्या तीन रात्री माझ्या.
दुधराम लाइनमन एक वाजता चौकातला दिवा पाडतो,
कोणी विचारलं तर म्हणतो, फॉल्ट.
कापणी झालेल्या बांधीत माती अजून गरम.
कॅमेऱ्यालाही मे सोसत नाही,
काळ्यावर घामोळं उठतं,
म्हणून त्याला ओला दुपट्टा गुंडाळायचा
आणि वाट पाहायची.

सुताराकडून करून घेतलेल्या दोन फळ्या,
एक बिजागरी, एक लांब स्क्रू.
बिजागरी ध्रुवाकडे. तो आमच्याकडे इतका खाली
की बांबूच्या बेटात अडकतो.
स्क्रूला मिनिटाला एक फेरा.
पृथ्वी जितकी सरकली तितकं तिला परत द्यायचं.
पुस्तकात वाचलं होतं की ती फिरते;
मनगट दुखायला लागल्यावर पटलं.

साडेतीनला तेंदूपत्त्याच्या बाया जंगलाकडे निघाल्या.
रेवंताबाईच्या बॅटरीचा झोत सरळ भिंगात.
"काहाचा फोटू काडतस गा?"
दाखवला. काळा.
त्याच्या आधीचा. काळा.
"रातभर जागून अंधाराचेच?"
म्हटलं, मावशी, एकात काही नसते,
एकावर एक रचावे लागतात.
ती हसेल असं वाटलं. हसली नाही.
"पुडक्यावानी," म्हणाली.
"सत्तर पानं बांधल्याबिगर
एका पानाचे कोन पैसे देते?"
आणि बाकीच्यांना गाठायला भरभर गेली.

संगणकाने एकशे एक्याण्णव घेतले.
तिच्या झोताचा एक नको म्हणाला.
तो वेगळा ठेवलाय, त्यात आकाश नाही,
कडेला फक्त पदर बांधलेल्या डोक्याची रेघ आहे.

उरलेल्यांतून जे निघालं
ते मोठं करून रेवंताबाईला नेऊन दिलं.
तिने लाल डागावर बोट ठेवलं, जरा घासलं.
मग उजेडात धरून बोट पाहिलं,
रंग लागला का.