नमुना क्रमांक ३१७

डोलकाठी आली जुन्या चादरीत गुंडाळून,
हर्णैहून, रात्रीच्या मासळीच्या टेम्पोत,
भोसरीला, सेक्टर सातमधल्या आमच्या गाळ्यात.
इथे आम्ही मोडलेल्या वस्तूंना विचारतो, कशी मोडलीस.
एरवी गिअर येतात, क्रँकशाफ्ट, प्रेसचे बोल्ट.
समुद्र पहिल्यांदाच आला.
गाठ सोडली तशी फरशीवर मूठभर वाळू सांडली.
तुळशीदास म्हणाला, झाडू का?
म्हटलं, राहू दे जरा.

आणणारा मोरेश्वर पेरेकर. वय चोवीस.
बसा म्हटलं तरी उभाच,
पाय फाकवून, जणू फरशी हलतेय.
विमा कंपनीला एकच शब्द हवाय, म्हणाला,
वाऱ्यानं मोडली एवढं लिहा.
मग न विचारताच सांगू लागला:
पर्यटकांना सोडून परत येत होतो,
सुवर्णदुर्गापलीकडे वारा फिरला,
जयवंत शीड उतरवायला पुढं गेला,
बार उडाल्यासारखा आवाज.
शीड पाण्यावर पडलं, त्यानंच पाणी धरलं,
होडी आधी कुशीवर झाली, झोपेत माणूस वळतो तशी,
मग पालथी.
चौघं होतो.
तळाला धरून तिघं.

माझी मुलगी खडकवासल्याला शिडाची होडी शिकली.
तिथे उलटणं हा तिसऱ्या दिवसाचा धडा.
शिट्टी झाली की मुलं मुद्दाम होडी पालथी घालतात,
खिदळत वर चढतात, सरळ करतात,
मग काठावर कांदाभजी, आणि टॉवेल घेऊन मी.
हे त्याला सांगितलं नाही.

तुकडा कापला. धुतला. भिंगाखाली धरला.
आमच्या विद्येत यांना किनारखुणा म्हणतात:
ओहोटी उतरताना वाळूवर रेघा सोडत जाते
तशा एकापुढे एक कमानी, ॲल्युमिनियमच्या पोटात.
नारायण पेठेतल्या मुलीनं किनारा आधी असाच पाहिला,
कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, एका तुटक्या स्प्रिंगमध्ये.
खरा पाहिला तो लग्नानंतर,
आणि ओळखीचा वाटला.

वाऱ्याचा वाटा एका कोपऱ्यात,
खडबडीत, राखाडी, नखाएवढा.
बाकी काठी चार-पाच हंगाम आधीपासून जात होती,
लाटेलाटेला केसभरही नाही इतकी,
आणि होडी रोज जात होती, रोज येत होती.

कमानी उलट्या मोजत गेले सुरुवातीपर्यंत.
तिथे एक भोक. साडेचार मिलिमीटर.
ड्रॉइंगमध्ये नाही. हातड्रिलनं पाडलेलं, कडा न घासता.

हे कुणी पाडलं?

तो पहिल्यांदा बसला.
"दिवा लावायला. आई म्हणायची,
काळोखात तुमची होडी कुठली तेच कळत नाय."
उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून ठेवला त्यानं,
कापल्यावर धरतात तसा.

चहा मागवला. साय धरेपर्यंत तो कपाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "बाई, दिवा सेलवरचा होता.
काठी मोडून तारांवर लोंबत होती ना खाली,
तर तो पाण्यात पेटलेलाच.
त्याच्या उजेडात मला जयवंत दिसला.
एकदाच."

रकाना सातवा: मोडण्याचे कारण.
थकवा लिहिलं की दावा बाद.
अतिभार लिहिलं तर खोटं,
पण नखाएवढं खरं.
सव्वीस वर्षं हा रकाना भरतेय,
इतका अरुंद कधी दिसला नव्हता.
दोन्ही लिहिलं, मापांसह,
भोकाचा फोटो जोडला, कोपऱ्याचाही,
आणि खाली: एका शब्दात बसत नाही.
कंपनीचं उत्तर अजून नाही.

तो गेला स्वारगेटला, रात्रीच्या दापोली गाडीनं.
चादर घडी करून नेली. काठी इथेच,
तिला चिठ्ठी बांधली आहे, ३१७.

आज तुळशीदासनं पुन्हा विचारलं,
झाडू का.